दुर्बीण खाली ठेवायची वेळ आलेली नाही

विज्ञान दिनाचं व्याख्यान मी सहसा चुकवत नाही. यंदा आमच्या गावच्या महाविद्यालयात वक्ते प्रकाशावर बोलले आणि ओघवतं बोलले. रामन परिणामापासून निघून तासाभरात ते कॅन्सरपर्यंत आले. लघवीच्या एका थेंबावर लेसरचा झोत टाकायचा, परतलेल्या प्रकाशाचा आलेख संगणक वाचणार, दोन मिनिटांत मूत्राशयाचा कॅन्सर आहे की नाही ते कळणार. अचूकता पंच्याण्णव टक्के. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालण्याचा यातनामय प्रकार आता थोड्याच दिवसांचा सोबती. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्राशयातली गाठ खरवडून काढली, तेव्हापासून ठरलेल्या तारखांना त्यांची दुर्बिणीची तपासणी होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "डॉक्टर, मग पुढच्या महिन्याची तारीख रद्द करू का?"

करू नका, असं मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. पण हाच दावा मी वर्षभरात तीन ठिकाणी ऐकला आहे. एकदा तर एका तरुण डॉक्टरच्या तोंडून. तारीख रद्द करायला निघालेला प्रत्येक माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला नसणार. म्हणून हे लिहितो आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पंचवीसहून जास्त वर्षं लोकांची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर चिकटपट्टीवर नाव लिहिलेली बाटली टेबलावर येते. ती फिरवून गाळ खाली बसवायचा, तो काचपट्टीवर पसरायचा, अल्कोहोलमध्ये बुडवायचा, रंगवायचा आणि पाहायचा. पेशीचं केंद्रक पेशीच्या मानाने किती मोठं झालंय, किती काळं पडलंय, त्याची कड कशी वेडीवाकडी झाली आहे, यावरून बोलायचं. हे काम माझ्या डोळ्यांपेक्षा चांगलं करणारं यंत्र आलं तर मला ते हवंच आहे. प्रकाशाच्या तपासणीला माझा विरोध नाही. ती आज जे करू शकत नाही ते करते असं सांगायला विरोध आहे, आणि त्या सांगण्याची किंमत कोण मोजणार हे मी पाहिलेलं आहे म्हणून तो कडक आहे.

आधी रामन यांच्याविषयी, कारण व्याख्यानात त्यांच्या नावाची ढाल पुढे केली गेली. आपल्या रामनांचा शोध, त्यावर शंका कसली, असा सूर होता. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी कोलकात्याच्या बहूबाजारातल्या प्रयोगशाळेत रामन आणि के. एस. कृष्णन यांना जे दिसलं ते अतिशय फिकट होतं. पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरतो तेव्हा जवळजवळ सगळा आपल्या मूळच्या रंगानेच बाहेर पडतो. कोटीभर कणांमागे एखादा कण रेणूच्या थरथरण्याला थोडी ऊर्जा देऊन किंवा तिच्याकडून घेऊन रंग बदलून येतो. त्या एका कणात रेणूची ओळख असते. सगळं शास्त्र त्या कोट्यांशावर उभं आहे. म्हणून त्या दोघांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. एका बाटलीतल्या द्रवावर ते थांबले नाहीत. 'नेचर'ला पत्र धाडण्याआधी साठेक वेगवेगळे द्रव तपासले. हा प्रकाश म्हणजे नेहमीची चमक, ज्याला आपण फ्लुओरेसन्स म्हणतो, ती तर नव्हे ना, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि प्रकाशाचं ध्रुवीकरण पाहून ती दूर केली. रामन यांचं नाव घेऊन शंका घेऊ नका म्हणणं हा त्यांचा मान नव्हे. शंका घेणं हीच त्यांची पद्धत होती.

आता तीच शंका लघवीला लावू.

लघवी म्हणजे पाणी, युरिया, क्षार आणि मग बाकीचं सगळं. रामन आलेखात युरियाचं शिखर हजाराच्या आकड्याला लागून उभं राहतं आणि लघवीच्या आलेखात सगळ्यांत उंच असतं. प्रथिनांतल्या फेनिलॲलनीनचं शिखर, जे ऊतींच्या अभ्यासात हमखास वापरतात, तेही नेमकं तिथेच. ढोल वाजत असताना त्याच जागी बसलेल्याची कुजबुज ऐकायची, अशी ही गोष्ट आहे. युरिया किती असेल ते माणसाने कालपासून किती पाणी प्यायलं, मटण खाल्लं की भाकरी-पिठलं, यावर ठरतं. त्यात औषधं. आपल्याकडे डॉक्टरकडे गेलेला माणूस बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्याशिवाय सहसा परत येत नाही. त्यातलं रायबोफ्लेविन लघवीत उतरतं, लघवी गर्द पिवळी होते आणि निळा-हिरवा लेसर पडला की चमकते. त्या चमकेपुढे रामनचा कण म्हणजे भर दुपारी लावलेली समई. लघवीची जळजळ थांबवायला देतात ती फेनाझोपायरिडीनची गोळी तर मुळात रंगच आहे. ती घेतलेल्याची बाटली माझ्याकडे येते तेव्हा तिच्यात केशर कालवल्यासारखी दिसते. लांब तरंगांचा तांबडा लेसर वापरला तर चमक कमी होते, हे खरं. पण नाहीशी होत नाही, आणि रामनचा आधीच क्षीण असलेला संकेत आणखी क्षीण होतो. अवरक्त प्रकाशाने तपासायचं म्हटलं तर पाणी आडवं येतं, कारण प्रथिनांची मुख्य खूण जिथे दिसते तिथेच पाणी प्रकाश शोषतं. मग थेंब वाळवावा लागतो, आणि वाळताना क्षारांचे स्फटिक कडेला जमतात, मधे काही वेगळंच राहतं. नमुना काचेवर ठेवला तर साधी काच स्वतः चमकते. कॅल्शियम फ्लोराइडची चकती लागते, आणि ती माझ्या काचपट्टीसारखी वापरून फेकून देण्याच्या किमतीची नसते. 'एक थेंब, दोन मिनिटं' म्हणताना या सगळ्यावर एका वाक्यात पाणी सोडलं जातं.

यावर उत्तर तयार असतं: हे सगळे गुंते संगणक सोडवतो. माणसाला न दिसणारा नमुना त्याला दिसतो.

दिसतो, मान्य. प्रश्न आहे, कशाचा नमुना? एक उदाहरण घेऊ, कारण सगळा वाद इथे येऊन थांबतो. अभ्यासात एका बाजूला मूत्राशयाचा कॅन्सर असलेले रुग्ण घेतले. त्यांचं वय साधारण साठ-पासष्ट, बहुतेक पुरुष, निम्मे तरी बिडी-सिगारेट ओढणारे. दुसऱ्या बाजूला निरोगी स्वयंसेवक घेतले. ते कोण असतात? संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, रक्तदानाला येणारी माणसं. पहिल्या गटातल्या बऱ्याच जणांच्या लघवीत रक्त आहे, दुसऱ्या गटात नाही. हिमोग्लोबिन प्रकाश जोरात शोषतं आणि योग्य रंगाचा लेसर पडला तर रामनचा संकेतही दणदणीत देतं. आता संगणकाला सांगा, हे दोन ढीग वेगळे कर. तो करील, पंच्याण्णव काय, अठ्ठ्याण्णव टक्के करील. त्याने ओळखलेला असेल लघवीतला रक्ताचा अंश, किंवा वय, किंवा तंबाखू, किंवा वॉर्डातल्या रुग्णाला चालू असलेलं औषध. रक्त ओळखायला लेसर लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीत बुडवायची पट्टी असते, ती रंग बदलते. खरी परीक्षा घ्यायची तर दुसऱ्या ढिगात मुतखड्याचा रुग्ण हवा, जंतुसंसर्ग झालेली बाई हवी, प्रोस्टेट वाढलेला म्हातारा हवा, मूत्राशयात बीसीजी लशीचा उपचार घेतल्यामुळे आतून सुजलेला माणूस हवा. म्हणजे ज्यांच्यात आणि कॅन्सरच्या रुग्णात फरक करायला मला, पॅथॉलॉजिस्टला, घाम फुटतो ती माणसं. त्यांना बाहेर ठेवून मिळवलेले टक्के कुस्तीत जोडीदाराविना मारलेल्या शड्डूसारखे असतात.

दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण ती प्रामाणिक माणसांकडूनही होते. रुग्ण चाळीस असतात, पण प्रत्येकाच्या नमुन्यातून पंचवीस-पन्नास आलेख घेतलेले असतात. म्हणजे आलेख झाले हजार-दोन हजार. आकडा भरघोस दिसतो. मग हे आलेख पिसून काही शिकवायला आणि काही परीक्षेला काढतात. एकाच माणसाचे तीस आलेख शिकवणीत आणि दहा परीक्षेत जातात. संगणक त्या माणसाला ओळखतो, त्याच्या रोगाला नव्हे. याला आपण पेपर फुटणं म्हणतो. शाळेत घडलं तर परीक्षा रद्द होते. वाटणी आलेखांची नको, माणसांची हवी, आणि शक्यतो एका रुग्णालयात शिकलेल्या यंत्राची परीक्षा दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या यंत्रावर घ्यावी. इतकं साधं पथ्य पाळल्यावर किती टक्के उरतात ते जो सांगतो, त्याचं मी नीट बसून ऐकतो.

आणि ते टक्के. 'अचूकता पंच्याण्णव' हे ऐकायला पास झाल्यासारखं वाटतं. कुणाच्या बाबतीत अचूक? समजा, यंत्र खरोखरच पंच्याण्णव टक्के आजारी ओळखतं आणि पंच्याण्णव टक्के निरोगी सोडतं. गावात शिबिर लावलं, दहा हजार लोकांची लघवी तपासली, त्यांत दहा जणांना हा कॅन्सर आहे असं धरू. दहांपैकी नऊ-दहा सापडतील. उरलेल्या ९,९९० पैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे ५०० निरोगी माणसांना 'संशय आहे' असा कागद मिळेल. त्या पाचशेंना पुढे काय सांगणार? दुर्बीण. दुसरा मार्गच नाही. दुर्बीण बंद करायला निघालेली तपासणी दहा रुग्णांपायी पाचशे निरोगी माणसांना दुर्बिणीच्या टेबलावर निजवणार, आणि तारीख मिळेपर्यंत त्या पाचशे घरांत रात्री झोप नसणार.

आता उलट बाजू. ज्यांच्या लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं आहे अशा हजार जणांना तपासू. अशा लोकांत शंभरात दहा ते वीस जणांना कॅन्सर निघतो. मधला आकडा धरून १५० म्हणू. पंच्याण्णव टक्क्यांच्या यंत्राने सात-आठ जण सुटतील. हजारात आठ, किरकोळ वाटतं. पण त्या आठांच्या हातात 'काही नाही' असा कागद असेल, आणि रक्त तर दोन दिवसांत आपोआप थांबलेलं असेल. हा रोग असाच वागतो. दुखत नाही, लाल होऊन जातो, मग महिनोन्महिने गप्प बसतो. घरचे म्हणतात उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी पी, सब्जा घाल. बायकांच्या बाबतीत तर पाळीचं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल म्हणून एकामागून एक गोळ्यांचे कोर्स होतात आणि त्या उशिरा पोचतात. रोगाचा एकच निरोप येतो, तो लाल रंगाचा. तो निरोप खोडून टाकणारा कागद माणसाच्या हातात देणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

हे मी कागदावरच्या हिशोबाने सांगत नाही. तसला कागद माझ्या सहीचा होता.

रंगकाम करणारा माणूस होता, अठ्ठावन्न वर्षांचा, हाताच्या नखांत ऑइलपेंट कायमचा मुरलेला. बिडी लहानपणापासून. दोन दिवस लघवी लाल झाली, मग स्वच्छ. त्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, मूत्राशय पुरतं भरलेलं नव्हतं, तरी 'विशेष काही नाही' असा अहवाल आला. लघवी माझ्याकडे आली. पेशी थोड्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच रात्रभर लघवीत राहून विरलेल्या. मी लिहिलं, उच्च श्रेणीच्या कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. हे वाक्य खरं होतं. नियमाप्रमाणे होतं. पण 'दिसल्या नाहीत' हे डॉक्टरांच्या टेबलावर पोचेपर्यंत 'नाहीत' झालं, आणि त्या माणसाच्या घरी पोचेपर्यंत 'कॅन्सर नाही, देवाची कृपा' झालं. दुर्बीण राहिली. नऊ महिन्यांनी तो लघवी तुंबून, रक्ताच्या गुठळ्या अडकून रात्री दवाखान्यात आला. तेव्हा गाठ मूत्राशयाच्या स्नायूत उतरलेली होती. मूत्राशय काढावं लागलं. आता त्याच्या पोटावर पिशवी आहे आणि शिडीवर चढणं संपलं. तो मला बाजारात भेटतो, हात जोडतो. मी काय लिहिलं होतं हे त्याला मी सांगितलं आहे. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पाहिलं तेच लिहिलंत." मला त्याने बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक निगेटिव्ह अहवालाखाली एक ओळ असते: रक्त गेल्याचा इतिहास असेल तर या अहवालाने दुर्बिणीची तपासणी टळत नाही.

पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी १९४५ साली लघवीतल्या पेशींवरून मूत्रमार्गाचा कॅन्सर ओळखता येतो हे दाखवलं. तेव्हापासून आम्ही या एका चुकीशी झगडतो आहोत. उच्च श्रेणीच्या रोगात आमची तपासणी बोलली तर बहुधा खरं बोलते. कमी श्रेणीच्या गाठीत पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि आम्ही बहुतेकदा गप्प बसतो. आमच्यानंतर लघवीतली प्रथिनं मोजणाऱ्या चाचण्या आल्या, एनएमपी२२, बीटीए. गुणसूत्रांवर चमकणारे ठिपके लावणारी फिश आली. प्रत्येकीच्या आगमनाला दुर्बिणीचा अंत जाहीर झाला. डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलेल्या माणसात दुर्बिणीची जागा यांतल्या एकीलाही मिळाली नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एका हंडीत एकसारखा शिजला असेल तेव्हा. गाठ लघवीत रोज सारख्या पेशी सोडत नाही. कधी पुष्कळ, कधी काहीच नाही. ज्या थेंबात ती उतरलेलीच नाही, त्या थेंबावर जगातला कुठलाही प्रकाश टाका.

आता विरोधी बाजूचं सगळ्यांत वजनदार म्हणणं घेतो. व्याख्यानानंतर मी वक्त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी ते मांडलं, आणि मनापासून मांडलं. ते म्हणाले, तुम्ही शहरातल्या रुग्णाचं बोलताय. जिथे युरोलॉजिस्टच नाही, जिथून तालुक्याला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, तिथे काहीच नसण्यापेक्षा थेंबाची तपासणी बरी नाही का? मी त्या प्रश्नाने बराच वेळ अस्वस्थ राहिलो. पण उलट बाजूने बघा. त्या गावातल्या माणसाला निदानाचा संकेत मिळालेला नाही असं नाही. त्याच्या लघवीतून रक्त गेलं, संकेत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कमी आहे ते पुढचं: त्याला गाडीत बसवून आत कॅमेरा घालणाऱ्या माणसापर्यंत नेणारी वाट. त्या वाटेवर नवं यंत्र मधे उभं केलं, तर वाट दोन पावलांनी लांबते. यंत्र 'हो' म्हणालं तर दुर्बिणीला जायचंच आहे. 'नाही' म्हणालं तरी, ज्याच्या लघवीत रक्त गेलं त्याला जायचंच आहे. ज्या तपासणीच्या दोन्ही उत्तरांनंतर करायचं तेच राहतं, ती गरिबाच्या खर्चात आणि वेळात भर घालते, दुसरं काही नाही. त्या पैशात आशाताईंना एवढंच शिकवा: चाळीशीपुढच्या माणसाच्या लघवीत एकदा जरी दुखल्याविना रक्त दिसलं, तरी उन्हाळी म्हणून सोडायचं नाही. आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस लवचीक दुर्बीण घेऊन येणारा माणूस द्या.

दुर्बिणीला 'यातनामय' म्हटलं गेलं, तेही तपासायला हवं. लोक घाबरतात आणि ती भीती खोटी नाही. लघवीच्या वाटेने नळी जाणार हे ऐकून मोठमोठी माणसं पांढरीफटक पडतात, दोनदा तारीख घेऊन येत नाहीत. पण आजची लवचीक दुर्बीण बधिर करणारी जेली घालून काही मिनिटांत होते, नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ राहते. ही भीती कमी करायला समजावून सांगणारा माणूस लागतो. ती भीती भांडवल म्हणून वापरून कुणी आपलं यंत्र खपवत असेल तर मला राग येतो.

दुर्बीण तरी मुळात काय आहे? तीही प्रकाशाचंच यंत्र. जर्मन डॉक्टर माक्सिमिलियन नित्झे याने १८७०च्या दशकाच्या अखेरीस पाण्याने थंड ठेवलेली प्लॅटिनमची तापती तार नळीच्या टोकाशी लावून मूत्राशय आतून उजळलं. तिथपासून आजपर्यंत या नळीतून जाणारा प्रकाशच सुधारत आला. निळ्या प्रकाशाची तपासणी घ्या. मूत्राशयात आधी तासभर एक औषध ठेवतात, कॅन्सरच्या पेशींत त्यापासून पॉर्फिरिन साठतं आणि निळा प्रकाश टाकला की ती जागा गुलाबी-लाल पेटते. पांढऱ्या प्रकाशात न दिसणारा, मखमलीवर बोट फिरवल्याइतकाच फरक दाखवणारा सपाट कॅन्सर त्यात उठून दिसतो. दुसरीकडे फक्त ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरून रक्तवाहिन्या काळ्या उमटवतात. प्रकाशाने या रोगात खरी मदत केली आहे, आणि ती दुर्बिणीच्या आत शिरून केली आहे.

रामनची खरी जागा मला तिथेच दिसते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी २०१० साली ३८ रुग्णांत दुर्बिणीच्या वाटेने रामनची सळई आत घालून जिवंत मूत्राशयातच मोजमाप केलं. आजार ओळखला ८५ टक्के वेळा, निरोगी जागा निरोगी म्हटली ७९ टक्के वेळा. लोकांना हे आकडे पंच्याण्णवपुढे फिके वाटतील. मला ते मोलाचे वाटतात, कारण ते खऱ्या माणसाच्या आत, रक्तात आणि पाण्यात, हलत्या भिंतीवर मिळवले आहेत. आणि त्यांची मर्यादाही साध्या हिशोबाने कळते. चारशे मिलिलिटरला भरलेलं मूत्राशय चेंडूसारखं धरलं तर आतली भिंत सुमारे २६० चौरस सेंटिमीटर भरते. सळई एका वेळी एक चौरस मिलिमीटर पाहते असं मानलं तर झाले सव्वीस हजार ठिपके. ठिपक्याला एकच सेकंद दिला तरी सात तासांच्या वर. कुठे टेकवायची हे आधी कुणीतरी दाखवायला हवं. म्हणजे निळ्या प्रकाशाने संशयाची जागा दाखवावी, आणि ती खरी गाठ की नुसती सूज हे रामनने तिथल्या तिथे सांगावं. निळा प्रकाश सुजेलाही पेटवतो, बीसीजीनंतर तर फारच. तिथे एखादा अनावश्यक चिमटा वाचला, तुकडा काढण्याची एक जखम वाचली, तर रुग्णाच्या पदरात काहीतरी पडलं.

प्रकाशाच्या या वाटेवर आपल्याकडेही नेटाने काम झालं आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात तोंडाच्या कॅन्सरवर रामन पद्धतीने वर्षानुवर्षं अभ्यास झाला. तोंड उघडलं की गाल समोर असतो, सळई थेट टेकवता येते, आणि तंबाखूच्या आपल्या देशात तो रोग घरोघरी आहे. जागा निवडताना रोग, अवयव आणि पद्धत यांचा मेळ बघावा लागतो, तो तिथे बघितलेला दिसतो. लघवीच्या थेंबाची जाहिरात करणाऱ्यांनी तोच मेळ आपल्या बाबतीत दाखवावा.

मला एका ओळखीच्या संशोधकाने तोंडावर सांगितलं, तुमचा धंदा बुडेल म्हणून तुम्ही बोलता. लघवीच्या पेशींच्या तपासणीवर कुणाही पॅथॉलॉजिस्टचं घर चालत नाही. ती महिन्यातून थोडी येते, वेळ फार खाते. धंद्याचंच बघायचं तर मला नवं यंत्र सोयीचं आहे. उलट आमच्या कामात एक जागा अशी आहे जिथे मी हात टेकतो आणि जिथे मला हा प्रकाश खरोखर हवा आहे. काही पेशी अशा असतात की त्या धड कॅन्सरच्या नाहीत आणि धड निरोगी नाहीत. आम्ही त्यांना 'ॲटिपिकल' म्हणतो आणि लिहिताना मन खात असतं, कारण त्या शब्दाने रुग्णाला काहीच कळत नाही. एकेका पेशीवर लेसर रोखून तिच्या आतल्या प्रथिनांचा, केंद्रकाम्लांचा, चरबीचा तोल मोजता येतो. माझ्या डोळ्याला केंद्रकाचा आकार दिसतो, प्रकाशाला आतला माल दिसतो. तिथे दोघांनी मिळून काही ठरवता आलं तर तो करडा पट्टा अरुंद होईल.

त्या निवृत्त शिक्षकांसारख्यांच्या बाबतीतही आशा आहे. वर्षानुवर्षं दुर्बिणीच्या फेऱ्या करणाऱ्या, कमी धोक्याच्या रुग्णांत दोन तपासण्यांमधलं अंतर प्रकाशाच्या भरवशावर वाढवता येईल का, हा चांगला प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत दर खेपेला दुर्बीण आणि प्रकाश दोन्ही करावे लागतील, आणि प्रकाशाने सोडलेली प्रत्येक गाठ उघडपणे मोजावी लागेल. शिक्षकांची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि ते जाणार आहेत.

वक्त्यांना मी पत्र लिहिलं आहे. माझ्या कपाटातल्या जुन्या काचपट्ट्या त्यांच्या कामाच्या नाहीत, आमचा रंग स्वतःच चमकतो. म्हणून यापुढे रुग्णाची संमती आणि नैतिक समितीची परवानगी घेऊन प्रत्येक बाटलीतली अर्धी लघवी मी न रंगवता बाजूला काढायला तयार आहे. मुतखड्याची, जंतुसंसर्गाची, बी-कॉम्प्लेक्सची, बीसीजीची, कॅन्सरची, जशी येईल तशी, निवड न करता. बाटलीवर फक्त क्रमांक असेल. दुर्बिणीत काय निघालं ते मी बंद पाकिटात ठेवीन. त्यांच्या यंत्राने आधी आपलं उत्तर लिहून द्यावं, मग दोघांसमोर पाकीट फोडू.